पुली सरळ केली त्या संध्याकाळी

ही गोष्ट खरी आहे. सगळेच असं म्हणतात, हे मला माहीत आहे. पण मी आयुष्यभर तंत्रशाळेत मुलांना यंत्रं शिकवली आणि वर्गात कधी भुताची गोष्ट सांगितली नाही. कुणी सांगायला लागलाच, तर त्याला पुढे बोलवायचो आणि म्हणायचो, "आवाज आला ना? मग कारण शोध. कारणाशिवाय आवाज येत नाही."

आजही मी हेच म्हणतो.

या गोष्टीतल्या आवाजालाही कारण होतं.

ते मला सापडलं, तिथेच सगळं बिघडलं.

रात्र नव्हती. अंधारही धड पडला नव्हता. दिवेलागणीची वेळ, घराघरांत बटणं दाबली जात होती आणि शेजारी कुणीतरी आपल्या मुलाला अभ्यासाला बस म्हणून ओरडत होतं. घर माझ्या थोरल्या बहिणीचं. गल्लीच्या वळणानंतरचं शेवटचं. बाजूला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये भावोजींची जुनी गाडी.

भावोजींना जाऊन तेव्हा काही महिने झाले होते.

बाहेर त्यांच्यासारखा गोड माणूस नव्हता. कचेरीत मान, गल्लीत मान. मी गेलो की "या मास्तर" म्हणून स्वतः खुर्ची पुढे करायचे. चढलेला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ताईही कधी काही बोलली नाही. माहेरी आली की चार दिवस राहायची आणि निघताना आरशासमोर उभी राहून चेहरा नीट करायची. केस नव्हे, चेहरा. ते मी पाहत होतो. पाहून सोडून देत होतो.

तर, एक दिवस भाचीचा फोन आला.

"मामा, येऊन जा ना. बाबांच्या गाडीचा पट्टा वाजतो बघ, तो आवाज कायमचा घालवायचाय."

"विकताय का गाडी?"

"नाही."

"मग तू चालवणार?"

"नाही रे."

"अगं, मग उभ्या गाडीचा पट्टा वाजेल कसा?"

ती हळूच म्हणाली...

"तू ये. आणि मग तूच मला सांग, कसा वाजतो ते."

मी पोचलो तेव्हा ताई खिडकीशी शिवत बसली होती. पायाने चालवायचं जुनं मशीन. त्याचं खालचं मोठं चाक फिरताना डुगडुगत होतं. माझा हात लगेच तिकडे गेला.

"ताई, आतली वॉशर गेलीय याची. बसवून देऊ?"

"राहू दे रे बाळ्या. ते मेलं वर्षानुवर्षं असंच आहे. आल्या आल्या हात शिवशिवायला लागले का तुझे?"

साठी जवळ आली तरी तिच्या तोंडी मी बाळ्याच.

चहा झाला. भाचीने टीव्ही लावला. जुना, डब्यासारखा टीव्ही, वर ताईने भरतकाम केलेलं कापडी झाकण. मालिकेतली सासू कुणावर तरी डाफरत होती आणि ताई तिला इथून उत्तरं देत होती. "अगं बाई, दार उघडंच आहे, निघून जा की!" आम्ही हसत होतो.

आणि ताईचं हसणं मध्येच थांबलं.

तिने मान किंचित वाकडी केली...

मग मलाही ऐकू आलं.

चिंऽऽई... चिंऽऽई...

गल्लीच्या वळणाकडून. मग जवळून. मग शेडमधून.

गाडीचा पट्टा घसरताना येतो, तोच आवाज. तो ओळखण्यात माझी चूक होणं शक्य नाही.

ताई उठली. टीव्ही बंद केला. पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन टीव्हीच्या पाठीला वारा घालू लागली, भराभरा. मग पुठ्ठा मशीनखाली सारला, शिवण दडवली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

हे सगळं ती न बघता करत होती. पाठ झालेलं असावं तसं.

आवाज थांबला.

घरात कुणी आलं नाही.

मी शेडकडे धावलो. दाराला बाहेरून कडी होती. आत गाडीवर धूळ, एक चाक बसलेलं. बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. बॉनेट उघडलं... बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवलेली होती. भाचीनेच काढली होती, पहिल्यांदा आवाज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

ती माझ्या मागे उभी होती.

"रोज येतो, मामा. ते कचेरीतून यायचे त्याच वेळेला. लहानपणापासून हा आवाज आला की मी पुस्तक उघडून बसायचे. आता ते नाहीत, तरी येतो." तिने बॉनेट मिटलं. "पट्ट्याचं काय ते नीट कर. आवाजच राहिला नाही, तर ते येतील कशाने?"

मला ते पटलं. आवाजाचं कारण काढलं की आवाज जातो. मी हेच शिकवत आलो होतो.

सकाळी उजेडात कामाला लागलो. भाची जवळ उभी, आणि समोर कुणी ऐकणारं असलं की मला शिकवल्याशिवाय राहवत नाही.

"हे बघ. पट्टा तीन पुलींवरून फिरतो. ही खालची इंजिनची, ही पंख्याची, आणि ही बाजूची अल्टरनेटरची. अल्टरनेटर म्हणजे बॅटरी चार्ज करतो तो. तिघी एका रेषेत पाहिजेत. एकीनेही पाऊल पुढे टाकलं, की पट्टा तिरका धावतो, घसरतो आणि ओरडतो."

पट्ट्याची एक कड कुरतडल्यासारखी झाली होती. आजूबाजूला रबराची काळी पूड. मी लोखंडी पट्टी पुलींच्या तोंडांवर आडवी टेकवली. दोघींवर सपाट बसली, तिसरीवर अडली. अल्टरनेटर नखभर पुढे आला होता.

"नखभराने एवढा आवाज?"

"नखभर का होईना, रोज घासलं जातं ना. मग ओरडणारच."

"बाबांनी कितीदा दाखवली असेल ही गाडी."

"दाखवली असेल. गॅरेजवाले पट्टा बदलतात, ताणतात आणि देतात. पट्टी टेकवून बघायला वेळ कुणाला आहे?"

अल्टरनेटरचा बोल्ट सोडवला. मागून काहीतरी निसटलं आणि टिणकन खाली पडलं.

वॉशर.

जाड, गुळगुळीत, तेलाने काळी पडलेली. ती गाडीची नव्हती. गाडी बनवणाऱ्याने तिथे वॉशर ठेवलेलीच नव्हती. कुणीतरी नंतर घातली होती. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली, पण आठवेना. मी ती खिशात टाकली.

अल्टरनेटर मागे बसवला. पट्टी पुन्हा टेकवली. तिन्ही पुली एका रेषेत. नवा पट्टा चढवला, अंगठ्याने दाबून ताण बघितला, बॅटरीची वायर जोडली.

भाचीने किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं. नुसती घुरघुर. झोपलेल्या मांजरासारखी. चिं नाही की चूं नाही.

भाची गाडीतच हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी वळलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत ताई उभी होती.

"बंद झाला?" तिने विचारलं.

"कायमचा. आता ही गाडी अंगणात येऊन उभी राहिली तरी तुला कळायचं नाही!"

मोठ्या अभिमानाने म्हणालो मी.

 ताई खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बरं."

बॅटरीची वायर मी पुन्हा काढून ठेवली. शेडला कडी घातली.

संध्याकाळ झाली. दिवे लागले. तिघेही बसलो होतो, तिघांचेही कान गल्लीकडे.

वेळ आली...

काही नाही.

वेळ गेली.

शेजारच्या मुलाचे पाढे तेवढे ऐकू येत होते. भाचीने टाळी वाजवली. "आई, गेला बघ! लावू टीव्ही?" ताई नको नको म्हणत होती, पण पोरीने लावलाच, आणि आवाजही मोठा केला. मी म्हटलं, "ताई, तुझी सासू आली बघ डाफरायला." ताईला हसू फुटलं. थोडंसंच. पण फुटलं. तिने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि जरा टेकून बसली.

तेव्हा...

टीव्हीवरचं झाकण मागच्या बाजूने किंचित वर उचललं गेलं.

वारा नव्हता. पंखा बंद होता.

झाकण तसंच वर राहिलं. खाली कुणी तळहात ठेवून, गरम आहे का ते बघावं, तसं.

मग टीव्ही बंद झाला.

वीज होती. दिवा जळत होता.

ताई उठून उभी राहिली होती. ती दाराजवळच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. तिचा तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. बारीक, सपाट, लहान मुलीसारखा.

"आत्ताच लावला होता हो... मी लावला. पोरीने नाही."



तिने डोळे मिटले आणि मान एका बाजूला फिरवली. पुढे काय येणार हे ज्याला माहीत असतं, तो फिरवतो तशी.

मला हात दिसला नाही. आवाजही आला नाही.

फक्त तिचा चष्मा भिंतीपाशी जाऊन पडला.

भाची किंचाळली. मी ताईला धरलं. ती थरथरत नव्हती, हेच जास्त भयंकर होतं. तिने खाली बसून चष्मा शोधला, काच फुटली नाही ना ते बघितलं आणि पदराने गाल झाकला.

"जेवायला वाढते," म्हणाली.

"ताई!"

"ओरडू नकोस. आता काही नाही. एकदा झालं की उद्यापर्यंत काही नसतं."

भाचीला तिने आत झोपवलं. मग माझ्यासमोर येऊन बसली आणि हात पुढे केला.

"दे."

"काय?"

"वॉशर. तुझ्या खिशात आहे ती. माझ्या मशीनची आहे."

मी खिशातून काढली. मशीनचं डुगडुगणारं चाक समोरच होतं. एवढा मोठा मास्तर, आणि मला ते जुळवता आलं नव्हतं.

"तू घातलीस?"

"तूच शिकवलंस." ती कडवट हसली. "लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी आले होते. तू नवा नवा तंत्रशाळेत शिकत होतास. जो भेटेल त्याला धरून शिकवायचास. दोन रिळं आणि एक रबर घेऊन बसवलंस मला. आठवतं?"

आठवलं. रिळं एका रेषेत असली की रबर गुपचूप फिरतं. एक पुढे सरकवलं की रबर घासतं, करकरतं. मी आजही मुलांना तसंच शिकवतो. ताई माझी पहिली विद्यार्थिनी.

"मी तुला तेव्हा एक विचारलं होतं," ताई म्हणाली.

तेही आठवलं. तिने विचारलं होतं, मुद्दाम वाकडं बसवलं तर, बघणाऱ्याला कळतं का?

आणि मी खूश होऊन म्हणालो होतो... फार छान प्रश्न आहे.

"एका सुट्टीच्या दुपारी हे झोपले होते. डिकीतला पाना घेतला आणि घातली वॉशर. त्या दिवसापासून वळणावर गाडी हळू झाली की मला ऐकू यायचं. वळणापासून दारापर्यंत मला तेवढा वेळ मिळायचा. टीव्ही बंद करायचा, वारा घालायचा, शेजारीण बसलेली असली तर मागच्या दाराने घालवायची, पोरीला पुस्तक घेऊन बसवायची. आल्यावर सगळं नीट असलं, की बहुतेक वेळा काही व्हायचं नाही." ती थांबली. "नवा पट्टा घातला की थोडे दिवस आवाज यायचा नाही. ते दिवस..."



"तू मला का नाही सांगितलंस?"

"तुला 'या मास्तर' म्हणायचे ना ते. तुला ते किती आवडायचं."



"ताई, माझ्या घरी चल. उद्याच. ही गाडी भंगारात घालू."

"आणि मग? गाडी नसली की ते येणार नाहीत, असं वाटतं तुला?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू वर्गातला सगळ्यात मठ्ठ मुलगा मीच. "येतील रे बाळ्या. चालत येतील. गाडी वाजते तरी. माणूस चालत आला तर ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो. बोल्ट सोडवला, वॉशर घातली, जुना कुरतडलेला पट्टाच परत चढवला, अल्टरनेटर नखभर पुढे आणला. पट्टी टेकवून बघितली. दोघींवर बसली, तिसरीवर अडली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं काम वाकडं व्हावं म्हणून मन लावून केलं.

संध्याकाळी...

चिंऽऽई... चिंऽऽई...

ताईने टीव्ही बंद केला, वारा घातला आणि ओट्याकडे जाऊन उभी राहिली. मी तिच्या शेजारी उभा होतो. घरात कुणी आलं नाही. कशाला हात लागला नाही. थोड्या वेळाने ताईने श्वास सोडला आणि मला म्हणाली, "बस. भाकरी टाकते."

असं पुष्कळ दिवस चाललं. भाचीला तिने हट्टाने दुसऱ्या गावी नोकरीला धाडलं. मी अधूनमधून जायचो, पुली अजून वाकडीच आहे ना ते तपासून यायचो. एखादा डॉक्टर नाडी बघून यावा तसा.

मग एका सकाळी ताईचा फोन आला.

"काल आवाज आला नाही, बाळ्या."

मी पोचलो तेव्हा तिचा एक डोळा सुजला होता.  मी तडक शेडमध्ये गेलो. कडी जशीच्या तशी. बॉनेटवर धुळीचा जाड थर, त्यावर बोटाचा ठसासुद्धा नाही. बॉनेट उघडलं, पट्टी टेकवली...

तिन्ही पुली एका रेषेत होत्या.

अगदी नीट. मी केलं असतं तसं. बोल्ट इतका आवळलेला की माझ्या पान्याला दाद देईना.

वॉशर कुठेच नव्हती. गाडीखाली पाहिलं, शेड झाडून काढली. शेवटी घरात आलो.

वॉशर टीव्हीवर होती. भरतकामाच्या झाकणावर, बरोबर मधोमध. स्वच्छ पुसलेली.

"तू ठेवलीस?"

ताईने मान हलवली. नाही.

मी दुसरी वॉशर आणायला निघालो. म्हटलं, दुसरी घालू, त्याहून जाड घालू, पंख्याची पुली वाकडी करू. मी बडबडत होतो. ताईने हात वर केला. आमच्या शाळेत गोंगाट झाला की मी करतो, अगदी तसा.

"पुरे. त्यांना कळलंय आता."

"मग काय करायचं?"

"काही नाही. सगळा जन्म कान लावून काढला. कान दुखले माझे." तिने वॉशर उचलली, मशीनशी जाऊन बसली आणि तिच्या जागी घालून टाकली. चाक फिरवून पाहिलं. डुगडुगत नव्हतं. "हे बघ. एवढं तरी नीट झालं."

त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर तिने चष्मा काढला. डबीत ठेवला. डबी मिटली, टक्. ती दूर कपाटात ठेवून आली.

मग टीव्ही लावला. आवाज मोठा केला. आणि समोर ताठ बसली.

चष्म्याशिवाय तिला पडद्यावरचं काही दिसत नाही.

ती माझ्याकडे यायला अजून तयार नाही. मी रोज त्या वेळेला फोन करतो. ती बोलत नाही, नुसता उचलून बाजूला ठेवते. मी इकडे कानाला लावून बसतो. मालिका चालू असते. सासू डाफरत असते. मग...

टीव्ही बंद होतो.

त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. इंजिन नाही, पावलं नाहीत, शब्द नाही.

मग केव्हातरी कपाट उघडतं, आणि डबी उघडल्याचा टक् असा आवाज येतो. तो आला की मी फोन ठेवतो.

काल तो यायला फार वेळ लागला.